टेकडीवरची हजेरी

पाच वाजून दहा मिनिटं. पुण्यातल्या वेताळ टेकडीची चढण अजून अंधारात आहे. वारा पडलेला. मृग लागायला तीन दिवस आहेत, त्यामुळे हवेत नुसता उबारा. बुटाखाली मुरूम सरकतो, तेवढाच आवाज. पुढे चाललेले काका अचानक हात मागे करतात. मी थांबते.

काका म्हणजे बाबांचे शाळेतले सहकारी. आयुष्यभर पोरांना मराठी शिकवलं, आता रोज पहाटे इथे येऊन पाखरांची हजेरी घेतात. खिशात छोटी वही, कानामागे शिसपेन्सील.

"ऐक. रात्रपाळीवाले अजून घरी गेले नाहीत."

गिरीपुष्पाच्या गर्दीतून पिंगळ्यांची जोडी कचाकचा भांडते आहे. ते निवळतं आणि पलीकडच्या उघड्या माळावरून वेगळाच आवाज येतो. फरशीवर गोटी टाकावी आणि तिच्या उड्या छोट्या छोट्या, जलद होत जाव्यात, तसा. रातवा. काका अंधारातच वहीत दोन रेघा ओढतात.

पंधरा मिनिटांनी पूर्वेकडे राखाडी पट्टा दिसतो न दिसतो, तोच डोक्यावरच्या तारेवरून तीक्ष्ण हाक येते. मला हा आवाज ठाऊक आहे. "शिक्रा!" मी घाईने सांगते.

काका हसतात. "इतक्या अंधारात शिक्रा कशाला उठतोय? आवाज शिक्र्याचा, तोंड कोतवालाचं. थांब, आत्ता स्वतःच्या आवाजात बोलेल."

आणि खरंच, पुढच्याच क्षणी कोतवालाची खरखरीत, शिट्टीमिश्रित बडबड सुरू होते. हा सगळ्यांत आधी उठणाऱ्यांपैकी, आणि नकला करण्यात पटाईत.

"वर्गात फळ्याकडे तोंड असायचं माझं," काका सांगतात, "तरी मागे कोण बोललं ते कळायचं. नक्कल करणारं कार्टंही कळायचं. इथे तेच करायचं. दुसरं काही नाही."

दगडाच्या खाणीपाशी पोचतो तेव्हा झाडं झाडांसारखी दिसू लागली आहेत. कठड्यालगतच्या वाळक्या फांदीच्या शेंड्यावर दयाळ बसलाय. आमच्यापासून जेमतेम दहा पावलांवर. काळा कोट, पांढरं पोट, शेपटी उभी. गळ्याची पिसं थरथरतात आणि स्वच्छ, गोड शीळ सुटते. मग तो थांबतो. मान वाकडी करतो. खाणीच्या पलीकडून दुसऱ्या दयाळाचं उत्तर येतं. ते संपू देतो आणि मगच आपलं म्हणतो, पण शेवट बदलून. पुन्हा उत्तर, पुन्हा नवा शेवट. आपल्याला जुगलबंदी वाटते ती खरं तर हद्दीची भांडणं आहेत. किडे शोधायला पुरेसा उजेड नाही, हवा स्थिर आहे, शहर अजून झोपलंय. आवाज लांब पोचवायला याहून चांगली वेळ नाही.

मागून एक गृहस्थ झपझप येतात. हातातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात भक्तिगीत. ते जाईपर्यंत काका डोळे मिटून उभे राहतात. दयाळ मात्र थांबत नाही.

आता सगळेच एकदम सुरू होतात. बुलबुलांची गडबड, होल्याचं घुमणं, झुडपातून भारद्वाजाचं मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं ऊप-ऊप-ऊप. उताराखालून कोकीळ पट्टी चढवत नेतो. त्यावर दुसऱ्या झाडातून एक घाईघाईचं किक्-किक्-किक् येतं. "ती कोकिळा," काका म्हणतात. "गातो तो काळा नर. आपण कौतुक करतो बाईचं. तिला वेळ कुठला? तिला कावळ्याचं घरटं गाठायचंय."

आणि मग पावशा. एकेका हाकेगणिक वर, आणखी वर, आता गळा फाटतो की काय असं वाटेपर्यंत, आणि मग एकदम शांत. इंग्रजांना यात 'ब्रेन फीव्हर' ऐकू आलं, हिंदीत 'पी कहाँ'. आपल्या शेतकऱ्याला ऐकू येतं, 'पेरते व्हा, पेरते व्हा'. पक्षी एकच. ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानात.

सूर्य वर येतो. ऊन लागताच वडाच्या झाडातून टुक्-टुक्-टुक् सुरू होतं, एका लयीत, न थकता. तांबट. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यावर हातोडी पडते, तोच ठोका. मी आवाजाच्या दिशेने पाहते, पण तो उजवीकडून येतो, मग डावीकडून. पक्षी जागचा हललेला नसतो. चोच मिटून, गळा फुगवून, फक्त मान फिरवत असतो.

काका वही मिटायला लागतात, तेवढ्यात माझ्या कानाशी चिमुकल्या घुंगरांसारखं काहीतरी किणकिणतं. सात-आठ हिरवट पाखरं बाभळीतून जाताहेत.

"काका, चष्मेवाले!"

ते माझ्याकडे बघतात, बाभळीकडे बघतात. कानामागे तळवा धरतात. चेहऱ्यावर काहीच उमटत नाही.

"गेल्या वर्षीपासून हे आवाज गेले," ते सहज सांगतात. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. भारद्वाज ऐकू येतो, पावशा येतो. चष्मेवाला आणि शिंजीर हळूहळू वर्गातून गैरहजर होतात.

मग ते खिशातून मोबाइल काढतात आणि आवाजावरून पक्षी ओळखणारं 'मर्लिन' ॲप सुरू करून बाभळीकडे धरतात. पडद्यावर आवाजाचा आलेख सरकू लागतो. खालच्या बाजूला होल्याचे जाड ठिपके. आणि खूप वर, केसासारख्या बारीक, नागमोडी रेघा. खाली नाव झळकतं. काका त्या रेघांवरून बोट फिरवतात.

"हे बघ. आहेत की!"

वहीत सतरावं नाव चढतं. बाकी सोळांपुढे 'ऐकला' लिहिलंय. याच्यापुढे ते 'पाहिला' लिहितात. रेघा उमटल्यापासून मान वर करून त्यांनी बाभळीकडे पाहिलेलं नाही.

उतरताना ते मला गृहपाठ देतात, तोच तुम्हालाही. सतरा पक्ष्यांच्या मागे लागू नका. उद्या साडेपाचला खिडकी उघडा आणि एकच आवाज निवडा. तो आठवडाभर ऐका. नाव नंतर शोधा. आणि बारीक आवाजांपासून सुरुवात करा, कारण ते आधी जातात.