ओढणारा भिरकावतो कसा?

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ‘कृष्ण’ म्हटले की मला विवराआधी गोकुळ आठवते. तरी एका कृष्णविवराने मला पुरते झपाटले आहे. कन्या राशीत, आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, एम ८७ नावाची दीर्घिका आहे. १९१८ साली लिक वेधशाळेतील हेबर कर्टिस यांना तिच्या गाभ्यातून निघालेला एक चमत्कारिक सरळ किरण दिसला. तो ठरला द्रव्याचा झोत, हजारो प्रकाशवर्षे लांब! गाभ्यात सुमारे साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे विवर बसले आहे. २०१९ साली त्याच्या सावलीचे चित्रही प्रसिद्ध झाले.

मेख इथेच आहे. गुरुत्वाकर्षण ओढते, मग हा फवारा उडविला कोणी? डेऱ्यात रवी फिरली की ताकही फिरते, तसे फिरते विवर भोवतालच्या अवकाशाला फरपटत नेते. या फरपटीतून विवराच्या भ्रमणाची ऊर्जा काढता येते, हे रॉजर पेनरोझ यांनी १९६९ साली दाखविले. एवढ्यावरच झोत उडतो, असे म्हणणारेही आहेत. मला ते अपुरे वाटते. झोत इतका बारीक राहतो, तर त्याला आवळून धरणारे कोणी नको का? १९७७ साली ब्लँडफर्ड आणि झ्नाजेक यांनी चुंबकीय क्षेत्र मध्ये आणले. त्याच्या रेषा फरपटीत सुंभासारख्या पिळल्या जातात आणि ऊर्जा बाहेर वाहून नेतात. भांडवल गुरुत्वाचे, दुकान चुंबकाचे! २०२१ साली विवराकाठच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण पाहिले, तेव्हा तिथले चुंबकीय क्षेत्र बळकट असल्याचे आढळले. झोतात इलेक्ट्रॉनांचे सोबती प्रोटॉन की पॉझिट्रॉन, हा वाद मात्र अजून चालूच आहे.