घाटाखालचे कारवार

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या कानांवर कारवारचे नाव लहानपणापासून पडत असते. सभांतून, मोर्चांतून आणि ठरावांतून बेळगाव, कारवार, निपाणी ही तीन नावे एका दमात उच्चारली जातात. परंतु ज्या मुलखावर महाराष्ट्राच्या वतीने आपण इतकी वर्षे हक्क सांगत आलो, त्याच्या किनाऱ्यावर माणसे कशी जगली, आणि त्याच्या बंदराचे दैव कोणी व कोठे बसून ठरविले, याची चौकशी आपल्याकडे फारशी झालेली नाही. ही उणीव मला मनापासून सलते.

कर्नाटकाच्या किनारपट्टीचे अगदी उत्तरेचे टोक म्हणजे कारवार तालुका. पलीकडे गोव्याचे काणकोण, पूर्वेस सह्याद्रीची निबिड अरण्ये, आणि ती अरण्ये भेदून सदाशिवगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळणारी काळी नदी. ही नदी उगम पावते ती खानापूरला लागून असलेल्या जोयडा तालुक्यात, डिग्गी गावाजवळ. घाटामुळे हा प्रदेश दीर्घकाळ दुर्गम राहिला खरा, तरी त्याच घाटवाटांनी बैलांच्या तांड्यांवर लादलेली मिरी आणि हुबळीकडचे तलम कापड खाली उतरत असे, आणि परदेशी गलबतांचे लक्ष या खाडीकडे लागले ते त्या मालामुळे. 1638 साली कोर्टीनच्या इंग्रज व्यापारी मंडळीने येथे वखार घातली. 1665 मध्ये बसरूरची मोहीम आटोपून परतताना छत्रपती शिवाजी महाराजांनी कारवारवर खंडणी बसविली, तेव्हा इंग्रजांनी आपल्या वाट्याचे 112 पौंड मुकाट्याने मोजून दिले. पुढे 1675 मध्ये हा मुलूख आदिलशाहीच्या अंमलातून निघून स्वराज्यात आला. काळीच्या मुखावरील सदाशिवगड अठराव्या शतकाच्या आरंभी सोंद्याच्या राजाने बांधला व त्याला आपल्या पित्याचे नाव दिले. समोरच्या समुद्रात अंजदीव बेट आहे. मुंबईचा ताबा घेण्यासाठी आलेली इंग्रजांची फौज पोर्तुगीजांनी ताबा न दिल्यामुळे 1660 च्या दशकात तेथे अडकून पडली, आणि तिच्यातील बहुसंख्य शिपाई रोगराईने त्याच बेटावर मृत्यू पावले.

टिपूच्या पाडावानंतर 1799 मध्ये कानडा प्रांत कंपनी सरकारकडे आला आणि मद्रास इलाख्यात मोडू लागला. 1862 मध्ये त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्याला जोडण्यात आला, त्याचे कारण कापूस. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला होता, आणि धारवाड भागातील कापूस सदाशिवगडच्या बंदरातून थेट विलायतेस नेता यावा, अशी मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची निकड होती. जिल्ह्याची कचेरी कारवारला आली, रस्ते आखले गेले, घाट फोडले गेले. परंतु युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. आणि घाटावरून समुद्राकडे जाणारा लोहमार्ग अखेरीस कॅसलरॉकवरून मुरगावला गेला, तेव्हा कारवारच्या बंदराचा सारा उत्कर्षच खुंटला. हुबळी-अंकोला लोहमार्गाची मागणी आजही पुरी झालेली नाही. जिल्ह्याचे ठाणे मात्र येथेच राहिले. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ टागोर येथे जिल्हा न्यायाधीश असताना 1883 मध्ये तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य त्यांनी येथेच लिहिले. कारवारच्या वैभवाचा उल्लेख निघाला की लोक अभिमानाने हे सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे.

मात्र वखारी आणि कचेऱ्यांच्या या दप्तरात न मावणारे एक जीवन किनाऱ्यावर अखंड चालू होते. खारवी, गाबीत, हरिकंत्र या समाजांची उपजीविका रापणीवर होती. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडून दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढावयाचे प्रचंड जाळे. ते एका घरच्या ऐपतीचे नसे. अनेक कुटुंबे आपापल्या जाळ्याचे तुकडे आणून जोडीत, साठ-सत्तर माणसे दोर ओढीत, आणि आलेला बांगडा व तारली ठरल्या वाट्याने वाटून घेतली जात. वाळूवर न मावलेली मासळी मिठात घालून सुकविली जाई किंवा नारळीच्या बागांना खत म्हणून पडे. मालकी, श्रम आणि वाटा यांची इतकी समंजस मांडणी आपल्या शेतीतही विरळाच आढळते. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका आल्या, मासळीचे थवे किनाऱ्यास लागण्यापूर्वीच खोल पाण्यात वेढले जाऊ लागले, आणि शेकडो रापणी गुंडाळून ठेवण्याची पाळी आली. या उलथापालथीला मी केवळ यंत्रयुगाची गती म्हणणार नाही. किनाऱ्यावरच्या सामाईक हक्काची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर नव्हती, म्हणून तो इतक्या सहज हिरावला गेला.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव आणि कारवार हे दोन्ही जिल्हे एकाच वेळी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये कारवारवरील महाराष्ट्राचा दावा नाकारला. वाद तसाच चालू राहिला, आणि दरम्यान या मुलखाचे रूप पालटत गेले. काळीवर सुपे धरण झाले, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. बेळगावहून अनमोडमार्गे गोव्याला जाताना जे रामनगर लागते, ते त्याच धरणग्रस्तांची वसाहत आहे, हे रोज त्या वाटेने जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? 1986 मध्ये राजीव गांधींनी ‘सीबर्ड’ नौदल तळाची कोनशिला बसविली, आणि 2005 मध्ये अरगा येथे ‘आयएनएस कदंब’ कार्यान्वित झाले. देशाच्या संरक्षणाला या तळाची गरज होती, याविषयी दुमत नाही. परंतु त्यासाठी हजारो कुटुंबांनी घरे, शेते आणि समुद्रात उतरण्याच्या पिढीजात जागा सोडल्या, आणि वाढीव मोबदल्यासाठी त्यांतील कित्येकांना वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. मच्छीमाराला जमीन देता येते. त्याच्या सवयीचा, खडक आणि प्रवाह ओळखीचे असलेला समुद्र देता येत नाही.

उरलेल्या किनाऱ्यासाठी हे लोक आजही झगडत आहेत. 2020 च्या जानेवारीत बैतकोल बंदराच्या विस्ताराचे काम सुरू झाले आणि रवींद्रनाथांच्या नावाची पुळण त्यात जाणार असे दिसू लागले, तेव्हा कारवारचे मच्छीमार बायकामुलांसह रस्त्यावर उतरले, शहराने त्यांच्यासाठी बंद पाळला, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर त्या कामास स्थगिती मिळाली.