जुन्या टिलरला नवे इंजिन : आधी मोजमाप, मग खरेदी

बोळिंज, आगाशी, नाळे या पट्ट्यातील वाड्या आता पूर्वीसारख्या सलग राहिलेल्या नाहीत. एका बाजूला इमारतीचे कुंपण, दुसऱ्या बाजूला चुलतभावाच्या हिश्श्याची विहीर आणि मध्ये दहा-पंधरा गुंठ्यांचा तुकडा, असे चित्र बहुतेक ठिकाणी दिसते. बैलजोडी कधीच गेली. ट्रॅक्टर गल्लीतून आत येत नाही आणि आला तरी केळीच्या ओळीत वळत नाही. मजूर मिळाला तर भाजीचे वाफे खणून होतात, पण त्या मजुरीत भाजीचे पैसे संपतात. अशा वाडीत वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेला लहान टिलर हे खरे कामाचे यंत्र आहे. तोच टिलर आज अनेक पडव्यांत ताडपत्रीखाली उभा आहे, आणि कारण विचारले की उत्तर एकच मिळते : इंजिन गेले.

गिअरपेटी आणि फिरता नांगर, म्हणजे रोटर, हे भाग चांगले असतील तर दुसरे इंजिन बसवून असे यंत्र पुन्हा उभे करता येते. या भागातील फिटर आणि लेथवाले हे काम करतात. पण बहुतेक वेळा आधी इंजिन विकत आणले जाते व ते बसत नाही हे नंतर कळते. म्हणून खरेदीपूर्वी काय पाहावे, हे येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

प्रथम, इंजिन खरोखरच गेले आहे का, याची खात्री करून घ्यावी. दोन-तीन पावसाळे उभे राहिलेले पेट्रोल इंजिन सुरू होत नाही ते बहुधा कार्ब्युरेटरमध्ये साठलेल्या चिकट राळेमुळे, गंजलेल्या टाकीमुळे किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमुळे. समुद्राची खारी हवा अर्नाळ्याकडून थेट आपल्या वाडीत येते. तिच्यामुळे प्लगची टोपी आणि स्विचचे जोड हिरवे पडतात. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, प्लग परत घट्ट बसवावा आणि दोरी हळू ओढून पाहावी. हाताला चांगला दाब लागला तर पिस्टन आणि रिंगा अजून कामाच्या आहेत, असे समजून कार्ब्युरेटर साफ करून घ्यावा. ऑइल सोडल्यावर दाब लागतो, पण थोडे चालल्यावर पुन्हा जातो, असे असेल तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत. ऑइल सोडूनही दाब येत नसेल तर व्हॉल्व्ह पाहावेत. या मॉडेलचे सुटे भाग मिळत असतील तर दुरुस्तीच स्वस्त पडेल. भाग मिळत नसतील तरच पुढे वाचावे.

जुनी पेट्रोल-रॉकेल इंजिने हा यातला वेगळा प्रकार. ती पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवली जात. रॉकेल आता रेशनवर पूर्वीसारखे मिळत नाही आणि नुसत्या पेट्रोलवर हे इंजिन चालवणे परवडत नाही. इंजिन बदलण्याचा विचार येतो तो येथेच.

इंजिनाआधी गिअरपेटी

पैसे घालण्याची वा न घालण्याची बाब ठरते ती गिअरपेटीवर. पेटीच्या तळाचा बोल्ट काढून ऑइल पांढऱ्या कापडावर ओतावे. ऑइल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी गेले आहे. सील बदलून, पेटी धुऊन हे सुधारते. मात्र कापडावर चकाकणारे तुकडे दिसले, गिअरचा दात निघाला, तर काम थांबवावे. नुसती बारीक करडी पूड ही नेहमीची झीज आहे, तिला घाबरू नये. रोटरचा दांडा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवावा. खडखड आवाज आला तर बेअरिंग गेले. बेअरिंगवर नंबर असतो व त्या नंबरचे बेअरिंग बाजारात मिळते. गिअरचे तसे नाही. परदेशी बनावटीच्या, विशेषतः चिनी यंत्रांच्या बाबतीत हे नीट पाहावे. जुलै २०२० पासून केंद्र सरकारने पॉवर टिलर आणि त्याचे इंजिन, गिअर यंत्रणा यांसारखे भाग यांच्या आयातीवर निर्बंध घातले. त्यामुळे ज्या दुकानदाराने पूर्वी गिअर आणून दिला तो आता देईलच असे धरून चालू नये.

पेटी उत्तम आहे असे ठरल्यावर खर्चाची बेरीज करावी. इंजिन, पुली, पट्टे, लेथचे काम, पाया-पट्टी, सील व ऑइल असा सगळा आकडा मांडावा. शासनाचे यांत्रिकीकरणाचे अनुदान नवीन यंत्रावर मिळते, जुन्या सांगाड्यावर बसवलेल्या इंजिनावर नाही. म्हणून तुलना करायची ती नव्या टिलरच्या छापील किमतीशी नव्हे, तर अनुदान वजा जाता आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेशी. आपला आकडा त्या रकमेच्या निम्म्याच्या वर जात असेल तर आमचा सल्ला नवे यंत्र घेण्याचाच राहील.

अश्वशक्तीपेक्षा फेरे महत्त्वाचे

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "किती अश्वशक्तीचे?" असाच असतो. पाच अश्वशक्तीच्या जागी साडेपाचचे घेतले तर यंत्राचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते फेऱ्यांमुळे. जुन्या जपानी धाटणीच्या काही लहान इंजिनांत बाहेर येणारा दांडा कॅमशाफ्टचा असे. तो क्रँकच्या निम्म्या गतीने, म्हणजे मिनिटाला सुमारे १८०० फेऱ्यांनी, आणि क्रँकच्या उलट दिशेने फिरतो. आज मिळणाऱ्या हवेने थंड होणाऱ्या साडेपाच अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनांचा दांडा थेट क्रँकचा असून त्याचे पूर्ण फेरे ३६०० असतात. जुनीच पुली त्यावर चढवली तर रोटर दुप्पट वेगाने फिरेल. माती पिठासारखी होईल, पाती व बेअरिंगे जातील आणि दगड लागला तर तो माणसाच्या अंगावर येईल.

हिशोब सोपा आहे. इंजिनाच्या पुलीचा व्यास गुणिले इंजिनाचे फेरे, हे पेटीच्या पुलीचा व्यास गुणिले पेटीचे फेरे यांच्याइतके असते. समजा जुन्या इंजिनावर १२० मिलिमीटरची पुली होती, फेरे १८०० आणि पेटीवरची पुली २४० मिलिमीटरची. तर पेटीला १२० × १८०० ÷ २४० = ९०० फेरे मिळत होते. नव्या इंजिनातूनही पेटीला ९००च्या आसपास फेरे मिळाले पाहिजेत. ३६०० फेऱ्यांच्या इंजिनावर त्यासाठी ६० मिलिमीटरची पुली लागेल. येथे बरेच फिटर ६०ची पुली करून देतात, आणि महिन्याभरात पट्टे जळतात. १३ मिलिमीटर रुंदीच्या 'ए' पट्ट्याला ७५ मिलिमीटरपेक्षा लहान पुली चालत नाही, १७ मिलिमीटरच्या 'बी' पट्ट्याला १२५पेक्षा लहान चालत नाही. पट्टा फार वाकला की त्याची पकड जाते, तो घसरतो आणि तापतो.

यातून दोन वाटा निघतात. इंजिनाचा गव्हर्नर ३००० फेऱ्यांवर बांधून घ्यावा, इंजिनावर ९० मिलिमीटरची दोन खाचांची पुली आणि पेटीवर ३०० मिलिमीटरची पुली बसवावी : ९० × ३००० ÷ ३०० = ९००. ताकद थोडी कमी होते, पण वाळूमिश्रित पोयट्याच्या वाडीला ती पुरते व आवाजही घटतो. मोठ्या पुलीला जागा आहे का हे मात्र आधी मोजावे. दुसरी वाट म्हणजे दांड्याची गती निम्मी करून देणारे, ३६००चे १८०० करणारे इंजिन मागवणे. ते महाग पडते, पण दांड्याची जाडी जुळली तर जुनी पुली तशीच चालते. फेरे कानाने ओळखू नयेत. पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून फेरे मोजणारे लहान यंत्र आता बऱ्याच फिटरांकडे असते.

दिशा : येथे चूक झाली तर जीव जाईल

फेऱ्यांनंतर दिशा. हल्लीची आडव्या दांड्याची पेट्रोल इंजिने, दांड्याकडे तोंड करून पाहिल्यास, बहुतेक घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात. आपले जुने इंजिन कसे फिरत होते ते काढण्यापूर्वी पाहून पुलीवर खडूने बाण काढावा. जुने इंजिन भंगारात गेल्यावर हे सांगणारा कोणी उरत नाही.

आमच्या माहितीतील एका बागायतदाराने संध्याकाळी घाईत इंजिन चढवून घेतले. पुढचा गिअर टाकला आणि यंत्र मागे आले. मागे विहिरीचा कट्टा होता. पाय वाचला तो केवळ रोटर जोडलेला नव्हता म्हणून. दिशा उलटली की पुढचे गिअर मागचे होतात, आणि मागच्या गिअरमध्ये रोटर फिरू नये म्हणून यंत्रात जी अडसर-व्यवस्था असते ती निरुपयोगी ठरते.

दिशा उलट येत असेल तर इंजिन फिरवून दांडा यंत्राच्या दुसऱ्या बाजूस आणता येतो का ते पाहावे. गती निम्मी करणारे इंजिन घेत असल्यास दुकानदाराला एवढे विचारावे की आत गिअर आहेत की साखळी. गिअरच्या जोडीने दिशा बदलते, साखळीने बदलत नाही. पट्ट्याला पीळ देऊन दिशा बदलण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो मानू नये. पाणी काढण्याच्या जुन्या सपाट पट्ट्याला ते चालत असे, व्ही-पट्ट्याला चालत नाही.

लहान टिलरमध्ये क्लच म्हणजे पट्टा ताणणारी चकती असते. ही चकती पट्ट्याच्या सैल बाजूवर हवी. दिशा बदलली की सैल बाजू ताणाची होते, मग चकती उसळते आणि क्लच धरत नाही. तसेच क्लच सोडल्यावर सैल पट्टा पुलीला चिकटून फिरत राहू नये म्हणून पुलीभोवती अडकवणीच्या सळया असतात. नवी पुली लहान-मोठी झाली की त्या सळया पुन्हा वाकवून पट्ट्यापासून तीनेक मिलिमीटरवर आणाव्या लागतात. हे काम लहान दिसते म्हणून राहून जाते. मग क्लच सोडूनही यंत्र पुढे सरकत राहते.

बसवणी

इंजिनाखाली ८ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी घ्यावी व तिला लांबट भोके पाडावीत, म्हणजे पट्टा ताणण्यासाठी इंजिन मागेपुढे सरकवता येते. दोन्ही पुल्यांच्या तोंडाला सुतळी ताणून धरावी. ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. डिझेलच्या जागी हलके पेट्रोल इंजिन आले की पुढचा भार कमी होतो आणि रोटर जमिनीत रुतून बसतो. पुढे वजन टांगून तोल साधावा. पट्ट्यावरचे झाकण हरवले असेल तर पत्र्याचे नवे करून घेतल्याशिवाय यंत्र वाडीत नेऊ नये. फुले खुडायला आलेल्या बाईचा पदर आणि फिरती पुली यांत अंतर फार कमी असते.

नवीन इंजिन बहुधा ऑइलविना येते. दोरी ओढण्याआधी पुस्तिकेत दिलेले ऑइल भरावे. साडेपाच अश्वशक्तीच्या इंजिनाला ते साधारण ६०० मिलिलिटर लागते. इंजिन आडवे-सपाट ठेवूनच पातळी पाहावी. पहिली चाचणी चाके लाकडी ठोकळ्यांवर उचलून, रोटर काढून घ्यावी. प्रत्येक गिअरमध्ये चाके योग्य दिशेने फिरतात, क्लच सोडल्यावर थांबतात, हे पाहिल्यावरच ठोकळे काढावेत.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करते. जुन्या टिलरची टाकी आणि नळी नव्या इंजिनाला जोडून पैसे वाचवू नयेत. पावसाळ्यात यंत्र महिनाभर उभे राहणार असेल तर टाकी रिकामी करावी, तोटी बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

पहिल्या २० तासांनी ऑइल बदलावे, त्यानंतर दर १०० तासांनी. पहिल्या दोन-तीन दिवसांत नवे पट्टे सैल पडतात, ते पुन्हा ताणावेत. पट्ट्यांचे नंबर, दोन्ही पुल्यांचे व्यास आणि बांधलेले फेरे झाकणाच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी दुकानात जाताना तेच पाठ करून जावे लागते.