फिजिओचे 2 तास, उरलेले 166 आपले!

आठवड्याचे तास 168. फिजिओथेरपीची तीन सेशन, चाळीस-चाळीस मिनिटांची धरली तर झाले दोन तास. उरलेले 166 तास दुखरा गुडघा किंवा आखडलेला खांदा आपल्याच ताब्यात. 'मशीन लावून आलो, आता आराम' म्हणत नाशिकच्या कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कितीतरी पेशंट घरी येऊन आडवे होतात. शेक आणि करंट यांनी ठणका कमी होतो, ताकद मात्र घरच्या व्यायामानंच येते. म्हणून त्या 166 तासांसाठी ही शिदोरी.

आधी नाशिकचा मान

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या नाशकात आहे. राज्यातली बहुतेक फिजिओथेरपी कॉलेजं त्याच्याशी जोडलेली. तुमचा फिजिओ नागपूरला शिकलेला असो की कोल्हापूरला, पदवी बहुधा नाशिकच्या विद्यापीठाचीच!

'दहाचे तीन सेट' आले कुठून?

व्यायामाच्या कागदावर हमखास दिसणाऱ्या या ओळीचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. थॉमस डेलॉर्म हे अमेरिकी लष्करातले डॉक्टर. जखमी सैनिकांचे गुडघे महिनोन्महिने सुधारत नव्हते, कारण दुखऱ्या पायाला जपायचं, वजन द्यायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. डेलॉर्म यांनी तो मोडला आणि हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम सुरू केला. सुरुवातीला ते सात ते दहा सेट करून घेत. 1948 पर्यंत त्यांच्या लक्षात आलं की तीनही पुरतात. तेव्हा कागदावर तीन लिहिलेत म्हणून घाईनं सहा करू नका, आणि एकावरही भागवू नका.

पाय प्लास्टरमध्ये? दुसऱ्याला कामाला लावा

एका बाजूचा व्यायाम केला की दुसऱ्या बाजूचीही ताकद थोडी वाढते, हे 1894 मध्येच अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नोंदवलं गेलं. स्नायूला हुकूम देणारा मेंदू दोन्ही बाजूंना एकच, त्यामुळे शिकवणीचा थोडा वाटा पलीकडेही पोचतो. बऱ्या पायाचा व्यायाम चालू ठेवला तर बांधलेल्या पायाची ताकद कमी घटते. फिजिओला विचारून आजच सुरू करा.

काठी कोणत्या हातात?

दुखऱ्या पायाच्या उलट्या! उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी पाहा, अनेकांची काठी दुखऱ्याच बाजूला असते आणि शरीर तिकडेच झुकतं. उलट्या हातात धरली की चालताना दुखऱ्या पायावरचा भार खरोखर हलका होतो.

पायऱ्यांचाही नियम आहे. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी दुखऱ्या पायाबरोबर. सप्तशृंग गडावर ट्रॉली आहे, गुडघा सावरेपर्यंत तिनंच जा. देवी रागावणार नाही.

द्राक्षबाग आणि खांदा

निफाड, दिंडोरीकडे एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत मांडवाखाली तासन् तास हात डोक्याच्या वर. खांदा आधीच दुखत असेल तर ही कसोटीच. खांदा पार जखडतो त्या दुखण्याला 'फ्रोजन शोल्डर' हे नाव 1934 मध्ये बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी दिलं. मधुमेह असलेल्यांना तो जास्त गाठतो, म्हणून साखर आटोक्यात ठेवणं हेही खांद्याचंच औषध समजा.

कॉडमन यांच्याच नावानं ओळखला जाणारा व्यायाम स्वयंपाकघरातही जमतो. बरा हात ओट्यावर टेकवायचा, कमरेतून पुढे वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडायचा, घड्याळाच्या लंबकासारखा. मग अंग हलकेच पुढेमागे झुलवायचं. हात आपण हलवायचा नाही, अंगाच्या झोक्यानं तो आपोआप हलला पाहिजे. दंड ताठ झाला की व्यायाम फसला. बागेत काम करणाऱ्यांनी कामाचे दिवस फिजिओला आधी सांगावेत, त्याप्रमाणे व्यायाम बसवून मिळतो.

बर्फाचा गुरू बदलला

मुरगळलं की विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय वर, हे सूत्र 1978 मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं. पुढे त्यांनीच जाहीर सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं लांबू शकतं. दुखणं कमी करायला थोडा वेळ बर्फ चालेल, दिवसभर नको.

मिसळीतली मटकी

स्नायू भरायला प्रथिनं लागतात. कोरड्या मटकीत शंभर ग्रॅममागे साधारण 23 ग्रॅम! तर्री राहू द्या, वाटीभर मोडाची उसळ रोज खा, सोबत दही किंवा अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि झोप मोडू नका, गाढ झोपेतच शरीर वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त सोडतं.

कोणतं दुखणं बरं, कोणतं वाईट?

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी भरून येणं ठीक, तीन-चार दिवसांत ते ओसरतं. पण एकच पोटरी सुजून गरम झाली, श्वास लागला किंवा पाय बधिर पडला तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पुढच्या वेळी फिजिओनं 'घरी केलं का?' विचारलं, तर खरं सांगा. जमलं नसेल तर का जमलं नाही, तेही सांगा. त्यावरूनच तुमचा पुढचा व्यायाम ठरणार आहे.