रंगस्थळे आणि उद्याचा प्रेक्षक

कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणमच्या परिसरात, तिरुनीलक्कुडी येथे नीलकंठेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. सातव्या शतकातील संतकवी अप्पर यांनी या स्थळाविषयी रचलेली पदे तेवारात समाविष्ट आहेत. आजचा यात्रेकरू तेथे जातो तो दर्शनासाठी, आणि अभ्यासक जातो तो शिल्पे व शिलालेख पाहण्यासाठी. परंतु या प्रदेशातील देवळे शतकानुशतके केवळ उपासनेची स्थाने नव्हती. गाणे, नृत्य, वाद्यवादन आणि नाटक यांसाठी लोक जमत ते देवळातच. जवळच्या तिरुवावडुदुरै येथील चोळकालीन लेखात तर नाटकशाळेचा उल्लेख आहे. एका काळाची करमणुकीची जागा पुढील काळास करमणुकीची म्हणून क्वचितच दिसते. ती पूज्य तरी ठरते, पुराणवस्तू तरी होते, नाहीतर नामशेष होते. आजच्या नाट्यगृहांचे व चित्रपटगृहांचे यांपैकी काय होणार, याचा विचार करावयाचा तर मराठी वाचकास तंजावरसारखे दुसरे बोलके उदाहरण नाही.

राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर चारशे नर्तिकांची नावे, त्यांना दिलेल्या घरांच्या तपशिलासह, कोरलेली आहेत. पुढील एका लेखात, वैकाशीच्या उत्सवात ‘राजराजेश्वर नाटक’ करणाऱ्या नटास द्यावयाच्या धान्याची व्यवस्था नमूद आहे. रंगस्थळ जसेच्या तसे उभे आहे आणि नटाचे वेतनही ज्ञात आहे. नाटक मात्र लुप्त झाले.

भोसले राजांच्या काळी नेमके याच्या उलट घडले. शहाजीराजाची (राज्यकाल १६८४–१७१२) ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ आदी मराठी नाटके सरस्वती महालाच्या संग्रहामुळे टिकली, पण ज्या सभेत ती रंगली ती सभा उरली नाही. परिणाम असा झाला, की मराठी नाट्यसमीक्षेने त्यांच्याकडे प्रामुख्याने कालगणनेच्या दृष्टीने पाहिले. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’च्या आधीची ही नाटके, म्हणून त्यांना आद्यत्वाचा मान द्यावयाचा की नाही, एवढ्याभोवतीच वाद घोटाळत राहिला. गुणविचार झाला तेथे कथानक शिथिल, पात्रे साचेबंद, संवाद त्रोटक असे दोष काढले गेले. दोष काढणाऱ्याच्या हाती केवळ पोथी होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पात्राच्या प्रवेशाचे ‘दरू’ कागदावर चार ओळींचे दिसते. प्रत्यक्षात गायन आणि पदन्यास यांनी त्याचा विस्तार होत असे. संवादातील रिकाम्या जागा ही नर्तकासाठी मोकळी ठेवलेली भूमी होती. शहाजीच्या ‘पंचभाषाविलासा’त संस्कृत, मराठी, तेलुगू, तमिळ व हिंदी या पाच भाषा एकत्र येतात. एकभाषी वाचकास हा विक्षिप्तपणा वाटेल. पण जेथे राजा मराठी, पंडित संस्कृतज्ञ, कवी तेलुगू आणि भोवतालचा समाज तमिळ, त्या सभेत त्याहून स्वाभाविक गोष्ट कोणती?

या दोन विनाशांमध्ये मेलट्टूरचा अपवाद आहे. तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यानच्या या गावी वेंकटराम शास्त्रींची तेलुगू भागवतमेळा नाटके नृसिंहजयंतीच्या सुमारास देवळासमोर आजही होतात. तेथे संहिता, स्थळ आणि प्रेक्षक तिन्ही एकत्र टिकली. कारण नाटक करणे हे त्या गावाने व्यवसाय न मानता व्रत मानले.

आधुनिक रंगस्थळांना असा आधार नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील ज्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला ते आज नाही, आणि चित्रपटही संपूर्ण उरलेला नाही. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद पडून २०१६ मध्ये पुन्हा उघडले. पण आता तेथे जाणारा कार्यक्रमाइतकाच इमारतीचा सोनेरी साज पाहण्यास जातो. करमणुकीचे स्थळ स्वतःच करमणूक झाले! पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडले. ते पाडून नवे संकुल उभारण्याचा विचार पुढे आला तेव्हा नाट्यक्षेत्रातून विरोध झाला. या विरोधात निव्वळ स्मरणरंजन पाहणे अन्यायाचे होईल. मराठी नाटकाचा मध्यंतर, त्यातला बटाटावडा, पडद्यामागे जाऊन नटास भेटण्याचा प्रघात, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेण्याची नटाची सवय, ही सर्व त्या नाटकाच्या घडणीतच शिरलेली आहेत. मध्यंतरापूर्वीचा अंक नाटककार विशिष्ट ठिकाणी का तोडतो, हे वडा न खाल्लेल्या उद्याच्या अभ्यासकास कसे उमगावे?

बहुपडदा चित्रगृहांचे भवितव्य याहून अवघड दिसते. त्यांची दालने सर्व शहरांत सारखीच असल्यामुळे ती जतन करण्याचा आग्रह कोणी धरील, असे वाटत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यास तर स्थळच नाही. चित्रपटांच्या प्रती कदाचित विपुल उरतील. पण अनोळखी माणसांनी एकाच अंधारात एकाच क्षणी हसणे कोणत्याही प्रतीत उतरत नाही. शहाजीच्या पोथीतील त्रोटक संवादांसारखेच आजच्या लोकप्रिय चित्रपटातील लांबलेले थांबे, शिट्ट्यांसाठी सोडलेली जागा, उद्याच्या टीकाकारास रचनादोष वाटतील. आजचे परीक्षण कथा, अभिनय व दिग्दर्शन यांविषयी पुष्कळ लिहिते. प्रेक्षागृह कोठे हसले, कोठे चुळबुळले, तिकीट केवढ्याचे होते, हे त्यात सहसा नसते. चोळांच्या कारकुनाने निदान नटाचे धान्य लिहून ठेवले होते.