दुपारचे ऊन, सायंकाळचा दिवा
(मोठे सौरप्रकल्प आणि बॅटरी-साठवणुकीचे अर्थकारण)

मराठवाड्यात उन्हाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती पाण्याची आणि हव्या त्या वेळी मिळणाऱ्या विजेची. मोसंबी, ऊस, कापूस पिकविणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्याला चक्राकार वीजपुरवठा चांगलाच परिचित आहे. काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास वीज. आणि रात्रीची पाळी आली की साप-विंचवांतून वाट काढीत पिकाला पाणी देणे. हे दुखणे दूर व्हावे म्हणून राज्य शासनाने २०२३ मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २.०’ हाती घेतली. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प हा त्यातील पहिला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले. या योजनेतील वीज युनिटमागे सुमारे तीन रुपयांस पडते.

परंतु हे तीन रुपये दुपारचे आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. कृषिपंपाला त्याने फारसे बिघडत नाही. ऊन आहे तोवर पंप चालवावा. भिजलेली जमीन व भरलेले शेततळे हीच त्या विजेची साठवण. वसतिगृहाचे तसे नाही. आपल्या मुलामुलींच्या अभ्यासाची वेळ सायंकाळी सात ते दहा. सौरप्रकल्प मात्र मावळत्या सूर्याबरोबर थांबलेला असतो. दवाखान्यातील प्रसूती दुपारची वाट पाहत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या भट्ट्याही रात्री चालतात. त्या वेळची बरीचशी वीज आजही कोळशावरच निर्माण होते.

यामुळे एकाच युनिटच्या दोन किमती झाल्या आहेत. वीजबाजारात दुपारी सौरवीज मुबलक असल्याने भाव घसरतो आणि सूर्यास्तानंतर तो पुष्कळदा युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेपर्यंत चढतो. केंद्र शासनाच्या २०२३ च्या नियमांनीही हा फरक मान्य केला असून, उन्हाच्या तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि अधिक मागणीच्या तासांतील दर जास्त ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. बॅटरीचे सारे अर्थकारण या दोन किमतींमधील अंतरावर उभे आहे. दुपारी स्वस्त वीज साठवावी, सायंकाळी ती द्यावी. अंतर साठवणुकीच्या खर्चापेक्षा मोठे असेल तर व्यवहार फायद्याचा, नाहीतर तोट्याचा.

साठवणुकीची कल्पना आपल्याकडे नवी नाही. पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा उलटसुलट चालू शकणारा जलविद्युत संच आहे. सह्याद्रीतील घाटघर येथे २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून खालचे पाणी वर चढवून, मागणीच्या वेळी ते पुन्हा खाली सोडून वीज निर्माण करतो. मात्र अशा योजनांना डोंगर, दोन जलाशय आणि अनेक वर्षांचे बांधकाम लागते. बॅटरीचे मोठे पेटारे सपाट रानात, सौरप्रकल्पाच्या कडेलाच बसविता येतात.

खर्चाचा हिशोब एका उदाहरणाने पाहू. एक मेगावॅट वीज दोन तास देऊ शकणारी बॅटरी महिना तीन लाख रुपये भाड्याने घेतली, असे मानू. ती एका वेळी २,००० युनिट देते. दिवसातून एकदाच वापरली तर महिन्याला ६०,००० युनिट होतात, म्हणजे साठवणुकीचा खर्च युनिटला पाच रुपये. साठविताना व काढताना काही वीज वाया जाते. शंभरातील ८५ युनिट परत मिळाले असे धरले, तर तीन रुपयांची वीज साडेतीन रुपयांस पडते. एकूण साडेआठ रुपये. तीच बॅटरी दिवसातून दोनदा उपयोगी पडली तर साठवणुकीचा खर्च अडीच रुपयांवर येतो आणि बेरीज सहा रुपयांवर. रिकामी पडून राहिलेली बॅटरी सर्वांत महाग असते, हा या गणिताचा सारांश होय.

हे भाडे झपाट्याने उतरले आहे. २०२२ मध्ये भारतीय सौर ऊर्जा महामंडळाच्या निविदेत ते मेगावॅटमागे महिना सुमारे १०.८ लाख रुपये होते. २०२४ च्या आरंभी गुजरातमधील निविदेत ते सुमारे साडेचार लाखांवर आले. आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या शेजारी, छत्तीसगडमधील राजनांदगाव येथे १०० मेगावॅटचा सौरप्रकल्प आणि त्यास जोडलेली ४० मेगावॅट क्षमतेची, तीन तासांची बॅटरी २०२४ पासून कार्यरत आहे. त्याच वर्षी १,२०० मेगावॅट सौर व ६०० मेगावॅट, दोन तासांची साठवण अशा एकत्रित निविदेत दर युनिटला अवघा ३.४२ रुपयांच्या आसपास आला. वरच्या साडेआठ रुपयांशी याचा मेळ कसा घालावा? उत्तर सोपे आहे. या रचनेत एकूण विजेचा साधारण पाचवा हिस्साच बॅटरीतून जातो. उरलेली वीज थेट विकली जाते. सायंकाळच्या महाग युनिटांचा भार सगळ्या युनिटांवर वाटला जातो. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नव्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण असावी, असा सल्ला दिला.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. बॅटरीची क्षमता वर्षागणिक घटते, त्यामुळे पंचवीस वर्षांच्या सौरप्रकल्पाच्या आयुष्यात ती बदलावी लागण्याची शक्यता मोठी. आपल्याकडील चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात ती थंड ठेवण्यासही वीज खर्ची पडते. शिवाय बॅटरीतील घट बहुतांशी चीनमधून आयात होतात.

आपल्या समाजाला आणखी एक हिशोब विसरता येणार नाही. एक मेगावॅट सौरप्रकल्पास चार-पाच एकर जमीन लागते. खाजगी जमीन भाड्याने दिल्यास या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये व दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीस तीन वर्षे प्रत्येकी पाच लाख रुपये मिळतात. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचे काय? प्रकल्पांना शासकीय जमीनही दिली जाते व तीत गायरान येते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले ते अशाच पडीक, गायरान जमिनींसाठी. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्याच्या जमिनीची किंमत निविदेतील तीन रुपयांत कोठेच दिसत नाही. बॅटरीला मात्र तुलनेने फारच थोडी जागा लागते. दुपारी वीज घेणारा नसेल तर पटले थांबवावी लागतात. साठवण असेल तर तीच जमीन सायंकाळीही कामी येते. जमीन घ्यायचीच असेल, तर ती पुरेपूर उपयोगात आणणे हे किमान कर्तव्य आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते. पाटबंधारे व वीज यांच्या नियोजनाचे कामही त्यांच्याकडे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. उद्योगांवाचून दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त, विपुल विजेवाचून उद्योग उभे राहणार नाहीत, अशी त्यांची धारणा होती. तिच्या कसोटीवर आजचे प्रकल्प तपासणे आपल्या हाती आहे. गावात सौरप्रकल्प येईल तेव्हा पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत तीन प्रश्न अवश्य विचारावेत: जमीन कोणाची जाते, सायंकाळच्या विजेची तरतूद काय, आणि ती वीज प्रथम कोणास मिळणार? पंपाला दुपारचे ऊन पुरेल. दवाखान्याला व अभ्यासिकेला सायंकाळची वीज हवी, आणि तिच्यासाठी साठवणुकीवर खर्च होणारा पैसा योग्य कामी लागला असे म्हणता येईल.