न सुटणारा उपवास

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणूनच तिथल्या कॅम्प नं. ३ सारख्या वस्तीत मराठी घरांतली संकष्टी-एकादशी आणि सिंधी घरांतला झुलेलालाचा चाळीस दिवसांचा चालिहो शेजारीशेजारी पाळले जातात. जिथे न खाण्याला इतका मान आहे, तिथे एखाद्या तरुणीने ताट बाजूला सारले, तर घरच्यांना ते व्रत वाटते किंवा पित्त झाल्याची शंका येते, मनाचा आजार मात्र सहसा सुचत नाही.

वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरले तरी अन्न टाळत राहणे, या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. फ्रान्समध्ये लासेग यांनी आणि इंग्लंडमध्ये विल्यम गल यांनी १८७३ च्या सुमारास त्याचे वर्णन केले. जाडीची भीती हे लक्षण त्याच्या व्याख्येच्या केंद्रस्थानी आले ते विसाव्या शतकात. ही व्याख्या आपल्याकडे अपुरी पडते. दिल्लीतील खंडेलवाल, शरण आणि सक्सेना या मनोविकारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ज्या पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली, त्या अन्न नाकारत होत्या, त्यांचे वजन घटले होते, पण स्वतःच्या शरीराविषयीचा पाश्चात्त्य रुग्णांत दिसणारा विपर्यस्त समज त्यांच्यात आढळला नाही. हाँगकाँगमध्ये मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांच्याकडेही पोट गच्च वाटते एवढेच कारण सांगणारे रुग्ण आले.

या आजाराचे कारण एकच नसते. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला आहे, आणि उपासमार स्वतःच मन बदलते, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात उघड झाले: सहा महिने अर्धपोटी ठेवलेले ३६ निरोगी तरुण उदास व चिडचिडे झाले, माणसांपासून दूर राहू लागले आणि त्यांच्या डोक्यात अन्नाखेरीज दुसरे काही उरेना, काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. न खाण्याचे निमित्त काहीही असो, पुढे भूकच आजाराला पोसू लागते.

म्हणून व्रताला दोष देणे अन्यायाचे आहे. संकष्टी चंद्रोदयाला सुटते, चालिहोलाही चाळिसावा दिवस असतो. तपासणाऱ्याने पाहायचे ते इतकेच, की उपवास सोडण्याच्या वेळी ती मुलगी खरोखर जेवते का, की नवे कारण पुढे करते, आणि तिचे वजन व मासिक पाळी यांचे काय झाले आहे. अल्पवयीन रुग्णांच्या उपचारात आईवडील दर जेवणाला सोबत बसतात आणि वजन सावरण्याला अग्रक्रम दिला जातो, कारण उपाशी मेंदूला समुपदेशनातले बोलणे फारसे पेलत नाही.